कूल, चिली की कोल्ड?

या तिन्ही इंग्रजी शब्दांपुढे शब्दकोशात ‘थंड’ लिहिलेलं असतं, म्हणून कोणता कधी वापरायचा याचा तुमचा गोंधळ होतोय. त्यापेक्षा आधी मराठीत नेमकं काय म्हणायचंय ते ठरवा.

हवेत सुखद गारवा असेल तर कूल. अंगावर शिरशिरी येऊन स्वेटर शोधावासा वाटला, म्हणजे गारठा पडला, की चिली. त्याहून जास्त ते कोल्ड. हाडं गोठवणाऱ्या कडाक्याला बिटर्ली कोल्ड किंवा फ्रीझिंग. फ्रीझिंगचा मूळ अर्थ पाणी गोठणं, म्हणजे ०° सेल्सिअस. पण बोलताना १० अंशांनाही लोक ‘इट्स फ्रीझिंग’ म्हणतात, ते चूक नाही. फक्त त्याच्याआधी ‘व्हेरी’ लावू नका. टोकाची थंडी त्या शब्दातच आली. जोर द्यायचाच तर ‘अ‍ॅब्सोल्यूटली’ लावा.

खरी अडचण वाक्यात येते. ‘मला थंडी वाजतेय’ म्हणजे ‘आय अ‍ॅम कोल्ड’. ‘आय हॅव अ कोल्ड’ म्हटलंत तर ऐकणारा सर्दीचं औषध सुचवेल! आणि ‘आय अ‍ॅम कूल’चा तर थंडीशी संबंधच उरत नाही. माझ्याकडून सुरुवातीला हे सगळं झालंय, म्हणून कळकळीने सांगतो. हवामानाबद्दल बोलताना सुरुवात ‘इट’ने करा: ‘इट्स चिली टुडे’. ‘टुडे इज चिली’ कळतं, पण कानाला खटकतं.

पेयांचं वेगळं. निवलेला चहा कोल्ड, मुद्दाम फ्रिजमध्ये गार केलेलं सरबत चिल्ड. इथे चिली चालत नाही.