इगतपुरीहून आल्यावर मी गोळ्या बंद केल्या होत्या

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. वय 34, चार महिन्यांपूर्वी रूमॅटॉइड आर्थ्रायटिसचं (रोगप्रतिकारशक्ती आपल्याच सांध्यांवर उलटते तो संधिवात) निदान, सीआरपी म्हणजे रक्तातली दाहाची खूण 18, त्यावर आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेटची गोळी आणि त्या रात्रीपासून दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मळमळ. जाऊबाईंनी व्हिडिओ पाठवला की माइंडफुलनेसने, म्हणजे सजगतेच्या ध्यानाने, शरीरातला दाह (आतली सूज) उतरतो. आता दहा दिवसांचं शिबिर करून गोळी सोडता येईल का, असं विचारताय.

गोळी सोडू नका. बाकीचं उत्तर लांब आहे, कारण जाऊबाईंचा व्हिडिओ अगदीच खोटा नाही आणि त्यातलं अर्धं सत्यच मला महागात पडलं होतं.

माझा हा आजार तेरा वर्षांचा. मी शाळेत शिकवायचे. खडू धरता येईना इथून सुरुवात झाली, मग कुकरचं झाकण, मग ओल्या चादरीचा पिळा. औषधं सुरू होऊन दीड वर्ष झालं तेव्हा इगतपुरीला धम्मगिरी या विपश्यना केंद्रात दहा दिवसांचं शिबिर करून आले. पहिले तीन दिवस फक्त श्वास. चौथ्या दिवसापासून डोक्यापासून पायापर्यंत एकेका अवयवावरून मन फिरवायचं आणि जे जाणवेल ते नुसतं बघायचं. सहाव्या दिवशी कधीतरी माझ्या मनगटातलं दुखणं सुटं सुटं झालं. एक ऊब होती, एक ओढ होती, आणि तिसरं होतं ‘आता जन्मभर असंच’ हे वाक्य. वाक्य गळून पडलं तेव्हा जे उरलं ते सोसण्यासारखं होतं. घरी आले ती हवेतच. दुखत नाही म्हणजे आजार गेला असा हिशेब करून महिन्याभरात गोळ्या बंद केल्या, डॉक्टरांना न सांगता. तसं करायला मला कुणीही सांगितलं नव्हतं, अक्कल माझीच. सातआठ महिन्यांनी एक्स-रे काढला तर उजव्या हाताच्या दोन सांध्यांत हाड कुरतडलेलं. ती बोटं आजही पूर्ण मिटत नाहीत.

मला तेव्हा हे कळलं नव्हतं की दुखणं आणि दाह यांची खाती वेगळी असतात. ध्यान दुखण्याच्या खात्यावर फार लवकर काम करतं. अमेरिकेत फादेल झैदान यांच्या गटाने 2011 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. पंधरा निरोगी माणसांना चार दिवस, रोज वीस मिनिटं ध्यान शिकवलं आणि पायाला 49 अंशांचा चटका दिला. ध्यान करताना चटक्याची तीव्रता सरासरी 40 टक्के आणि त्याचा त्रासदायकपणा 57 टक्के कमी वाटला. चटका तेवढाच होता. फरक पडला तो मेंदूने त्याचं काय केलं त्यात. माझ्या मनगटातही तेच झालं होतं. आत रोगप्रतिकारशक्ती सांध्याचं अस्तर पोखरत होती आणि वरची घंटा तेवढी मी हळू केली होती.

मग ध्यान दाहाला हातच लावत नाही का? लावतं, पण वळणाने. ताण आला की कॉर्टिसॉल हे संप्रेरक वाढतं आणि एरवी हे कॉर्टिसॉलच दाहाला आवर घालतं. ताण महिनोन्‌महिने राहिला की पेशी त्याचं ऐकेनाशा होतात. सतत ओरडणाऱ्या मास्तरांकडे वर्ग लक्ष देत नाही, तसंच. (तीस वर्षं वर्गात काढली आहेत, खात्रीने सांगते.) पिट्सबर्गच्या शेल्डन कोहेन यांनी 2012 मध्ये हे दाखवलं. 276 धडधाकट माणसांच्या नाकात सर्दीचा विषाणू सोडला. जी माणसं दीर्घकाळ ताणाखाली होती त्यांच्या पेशी कॉर्टिसॉलला कमी दाद देत होत्या आणि सर्दीही त्यांनाच जास्त झाली. ध्यानाचा हात पोचला तर या ताणाच्या वाटेने पोचतो.

माझा सगळ्यात आवडता प्रयोग मिरचीचा आहे. विस्कॉन्सिन विद्यापीठात मेलिसा रोझेनक्रान्झ यांनी तो केला, 2013 मध्ये छापून आला. एका गटाला आठ आठवड्यांचा माइंडफुलनेस वर्ग, दुसऱ्याला तेवढ्याच वेळाचा व्यायाम, आहार, संगीत यांचा वर्ग. नंतर परक्या माणसांसमोर भाषण करायला लावलं, तोंडी गणितं घातली आणि हाताला मिरचीतल्या कॅप्सेसिनचं मलम लावलं. कॉर्टिसॉल दोन्ही गटांत सारखंच वाढलं. मनाला बरं वाटण्यातही दोन्ही गट बरोबरीत. पण हातावरची लाली ध्यानवाल्यांची कमी पसरली. ताणामुळे भडकणारा दाह थोडा आवरला गेला, एवढंच यातून म्हणता येतं. मलमाने आलेली लाली आणि तुमच्या बोटांच्या सांध्यांतला आजार यांत पुष्कळ अंतर आहे.

ते अंतर मोजलंही गेलंय. मेरीलँडमध्ये आपल्याच आजाराच्या 63 रुग्णांवर अभ्यास झाला, 2007 साली प्रसिद्ध झाला. निम्म्यांना ध्यानाचा वर्ग, निम्मे प्रतीक्षायादीवर. सहा महिन्यांनी ध्यानवाल्यांचा मानसिक त्रास 35 टक्क्यांनी उतरला होता. आजाराची तीव्रता, म्हणजे डॉक्टर सुजलेले सांधे मोजून काढतात तो आकडा, मात्र ध्यानाने हलला नाही. ध्यानावरच्या वीस चाचण्यांचा एकत्र आढावा 2016 मध्ये आला, त्यातही सीआरपीसारख्या खुणा काही ठिकाणी उतरलेल्या दिसल्या, काही ठिकाणी नाही, आणि लेखकांनी स्वतःच निष्कर्ष जपून मांडले. व्हिडिओवाले नेमकं हे जपून मांडणं कापून टाकतात.

तुमच्या सीआरपीबद्दल. हे यकृतात तयार होतं आणि रक्तात त्याचं अर्धं प्रमाण उतरायला साधारण 19 तास लागतात. साधी सर्दी, हिरडी सुजणं, लघवीचा संसर्ग, कशानेही तो उसळतो. त्यामुळे शिबिराआधी एक आणि नंतर एक रिपोर्ट काढून ध्यानाला पास-नापास करू नका. मी केलं होतं. माझा 11 वरून 6 झाला आणि त्या कागदानेच माझं डोकं फिरवलं. वास्तविक तेव्हा शरीरात आधी घेतलेल्या गोळ्यांचा परिणाम चालू होता!

मळमळीचं दुःख मला माहीत आहे. गुरुवार आला की मला नुसत्या डबीच्या वासाने उमासे यायचे. पण त्यावर उपाय आहेत आणि ते डॉक्टरांकडे आहेत: फॉलिक अॅसिड नीट चालू आहे का, रात्री जेवून घेऊन झोपलं तर जमतं का, डोस विभागून देता येईल का, गोळीऐवजी कातडीखालचं इंजेक्शन चालेल का. मला इंजेक्शनने सुटका मिळाली. ‘सहन होत नाही’ असं स्पष्ट शब्दांत सांगा, ‘थोडं मळमळतं’ असं पुटपुटू नका. आणि घरात पाळणा हलवायचा विचार असेल तर तो आत्ताच सांगा, गरोदरपणात हे औषध अजिबात चालत नाही.

शिबिराला जायचंच असेल तर खुशाल जा, पण या सहा महिन्यांत नको. आधी आजार औषधाने ताब्यात येऊ द्या. अर्जात आजार आणि औषधं विचारतात तिथे सगळं खरं लिहा. खुर्ची मागा, लाजू नका. नव्या साधकांना संध्याकाळी चहा आणि फळं एवढंच मिळतं, तेव्हा साप्ताहिक डोसचा दिवस कसा सांभाळायचा ते डॉक्टरांना विचारून जा.

आणि त्याची वाट बघायचीही गरज नाही. जॉन कबाट-झिन यांनी 1979 मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या इस्पितळात जो आठ आठवड्यांचा वर्ग सुरू केला, त्यातलं अंगभर मन फिरवणं हे इगतपुरीच्याच ब्रह्मदेशी ध्यानपरंपरेतून गेलेलं आहे, आणि ते पलंगावर पडूनही करता येतं. मी सकाळी बोटं आखडलेली असतात तेव्हाच करते, वीस मिनिटं, उठायच्या आधी. तळपायापासून वर. हाताशी आले की ऊब कुठे आहे, ताण कुठे आहे, आणि वाक्य काय चाललंय ते वेगळं बघते. काही दिवस नुसती चिडचिड होते, तीही बघते. मग गरम पाण्यात हात. माझी झोप यानेच सुधारली आणि दुखणं वाढलं की घरच्यांवर खेकसणं कमी झालं, मुलगी साक्षीदार आहे.

मात्र दुखणं कमी वाटायला लागलं की आता मी उलटं करते: मुद्दाम बोटांचे सांधे दाबून बघते, सकाळचा आखडलेपणा किती मिनिटं टिकला ते वहीत लिहिते, आणि तपासणीची तारीख पुढे ढकलत नाही.

एक राहिलं. तुमच्या रिपोर्टवर एकक काय आहे ते बघा. काही लॅब मिलिग्रॅम प्रति लिटर छापतात, काही प्रति डेसिलिटर, आणि दोन्हींत दहापट फरक पडतो. पुढच्या वेळी लॅब बदललीत आणि 18 चा 1.8 दिसला, तर पेढे वाटायच्या आधी ते एकक वाचा.