आयव्हीएफ (टेस्ट ट्यूब बेबी उपचार) सुरू करण्यापूर्वी

पती-पत्नी दोघांच्या तपासण्या एकाच वेळी करून घ्याव्यात. सासरी कोणी काहीही म्हटले तरी वीर्यतपासणी ही सर्वांत सोपी चाचणी आहे आणि ती मागे ठेवून पत्नीची लॅपरोस्कोपी (पोटात दुर्बीण घालून केलेली तपासणी) आधी करण्यात अर्थ नाही. उपचार केंद्र २०२१ च्या सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान कायद्याखाली नोंदणीकृत आहे का, हे पाहावे आणि खर्चाचा तपशील लेखी मागावा.

खरी कसोटी भ्रूणरोपणानंतरच्या सुमारे दोन आठवड्यांत लागते. या दिवसांत दिल्या जाणाऱ्या प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकामुळे स्तन दुखणे, पोट फुगणे, सुस्ती अशी गर्भधारणेसारखीच लक्षणे दिसतात, त्यामुळे त्यांवरून आशा किंवा निराशा ठरवू नये. एचसीजीचे (ज्या संप्रेरकावरून गर्भधारणा ओळखतात त्याचे) इंजेक्शन घेतले असल्यास घरगुती गर्भधारणा चाचणीही काही दिवस फसवू शकते. रक्तस्राव झाला तरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय औषधे बंद करू नयेत.

नातेवाइकांपैकी विश्वासाच्या एकाच व्यक्तीला सगळे सांगावे आणि इतरांना उत्तरे देण्याचे काम तिच्यावर सोपवावे. डोहाळजेवणाला जाववत नसेल तर आहेर पाठवून द्यावा. कोणाला काय वाटेल याची चिंता मी तरी केली नाही. उपचारांचे परिणाम आणि यशाची शक्यता यांविषयी समुपदेशन करणे केंद्रावर कायद्यानेच बंधनकारक आहे, तेव्हा ते संकोच न करता मागून घ्यावे, आणि पतीलाही सोबत बसवावे.