सेजच्या पानांवर काम करून नोकरी मिळेल का?

नमस्कार ताई,

तुमचं इंदूरच्या राजेंद्रनगरहून आलेलं पत्र वाचलं. लेक बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे, विषय मायक्रोबायोलॉजी आणि केमिस्ट्री, प्रोजेक्टमधे तिने सेज नावाच्या सुगंधी वनस्पतीच्या वाळक्या पानांचा मेथेनॉलमधे अर्क काढला, तो स्टॅफिलोकोकस बॅक्टेरियाच्या प्लेटवर टाकला तर भोवती स्वच्छ गोल पडला, म्हणजे तेवढ्या जागेत बॅक्टेरिया वाढले नाहीत, ई. कोलाय या दुसऱ्या बॅक्टेरियाच्या प्लेटवर काहीच नाही, आणि तेव्हापासून तिला यातच पुढे जायचंय. तिचे बाबा म्हणतात एमपीपीएससी (मध्य प्रदेशची सरकारी नोकरीची परीक्षा) कर, मावशी म्हणते हर्बलचा वर्षाचा डिप्लोमा करून टाक, आणि तुम्ही विचारताय यात नोकरी आहे का.

आहे. पण डिप्लोम्याने नाही मिळणार, हे आधीच स्पष्ट सांगते. असल्या कोर्समधे झाडांची नावं आणि गुण पाठ करून घेतात, मशीनला हात लागत नाही, आणि या लाइनमधे पगार मिळतो तो मशीन चालवता येण्याचा आणि रिझल्ट नीट वाचता येण्याचा.

आता तिचाच प्रोजेक्ट घ्या ना. सेज म्हणजे आपल्या तुळशी-पुदिन्याच्या कुळातलं भूमध्य समुद्राकडचं झाड, त्याच्या साल्व्हिया वंशात हजारच्या आसपास जाती आहेत, नीमचच्या मंडीत येणारा चिया पण त्यातलाच, आणि 2017 पासून रोझमेरीलाही शास्त्रज्ञांनी याच वंशात घेतलंय. सेजच्या पानात कार्नोसिक अ‍ॅसिड, कार्नोसॉल, रोझमरिनिक अ‍ॅसिड असतं, आणि तेलात थुजोन, कापूर, सिनिओल. ई. कोलायवर असर का झाला नाही, तर त्याच्यासारख्या ग्रॅम निगेटिव्ह गटातल्या बॅक्टेरियाला बाहेरून एक जास्तीचं आवरण असतं, ते अशा तेलकट रेणूंना सहजी आत घेत नाही. पण तेवढंच कारण धरून चालत नाही, तेलकट पदार्थ अगारमधे, म्हणजे प्लेटमधल्या जेलीत, नीट पसरतही नाही, त्यामुळे गोल छोटा दिसला म्हणजे औषध कमजोर असं होत नाही, म्हणून एमआयसी काढावी लागते, म्हणजे किती कमीत कमी मात्रेत वाढ थांबते ते. आणि सगळ्यात महत्त्वाचं, नुसतं मेथेनॉल टाकलेली कंट्रोल प्लेट ठेवली होती का? तिला आज संध्याकाळीच विचारा. नसेल ठेवली तर तो गोल पानांमुळे पडला की मेथेनॉलमुळे हे कोणालाच सांगता येणार नाही. विचारल्यावर ती वैतागली तर थोडी काळजी करा, पण "अरे हो, परत करून बघते" म्हणाली तर समजा मुलगी रिसर्चची आहे, मला मार्कांपेक्षा ही खूण जास्त खरी वाटते.

अँटिऑक्सिडंटचंही तसंच. या टेस्टमधे डीपीपीएच नावाच्या रसायनाचं जांभळं द्रावण पिवळं पडलं, 517 नॅनोमीटरला रीडिंग कमी आलं, की मुलं लिहून मोकळी होतात की हे कॅन्सरवर चालेल. टेस्ट ट्यूब म्हणजे शरीर नव्हे ताई. आणि नॅचरल म्हणजे सेफ हे पण डोक्यातून काढा, थुजोन जास्त पोटात गेलं तर माणसाला झटके येतात.

मग नोकऱ्या कुठे, तर आपल्या इंदूरची शेव-नमकीन बघा, तेल खवट होऊ नये म्हणून इंडस्ट्रीत टीबीएचक्यू नावाचं रसायन वापरतात, त्याच कामासाठी रोझमेरीचा अर्कही चालतो, आणि त्याची ताकद कार्नोसिक अ‍ॅसिड अधिक कार्नोसॉल किती यावर मोजतात, म्हणजे लेक आज जे शिकतेय तेच. हे मोजणारं माणूस फूड कंपनीला लागतं, अर्क बनवणाऱ्यांना लागतं, परफ्यूमवाल्यांना लागतं (क्लेरी सेजमधल्या स्क्लेरिऑलपासून अंबरसारखा वास देणारा पदार्थ बनतो), आणि पिथमपूरच्या फार्मा कंपन्यांच्या क्यूसी लॅबमधे (जिथे मालाची क्वालिटी तपासतात) तर एचपीएलसी, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारं मशीन, चालवता येणाऱ्याला विचारतातच.

रस्ता असा धरा, दोन वर्षांची एमएस्सी, शक्यतो ऑरगॅनिक किंवा अ‍ॅनालिटिकल केमिस्ट्रीत, बायोटेक दुसऱ्या नंबरवर, कारण केमिस्टला बॅक्टेरियाचं काम शिकवणं सोपं असतं, उलटं अवघड जातं. मायक्रोबायोलॉजी तिला येतेच. आयआयटी जॅम ही एमएस्सीची प्रवेश परीक्षा द्यायला लावा, फॉर्म साधारण सप्टेंबरमधे निघतात आणि परीक्षा फेब्रुवारीत होते, सिमरोलची आयआयटी घरापासून लांब नाही, आणि नाही जमलं तर खंडवा रोडचं देवी अहिल्या विद्यापीठ आहेच. निपर या सरकारी फार्मसी संस्थांचा रस्ता मुख्यतः बी.फार्मवाल्यांचा, तिच्यासाठी थेट नाही. कुठेही अ‍ॅडमिशन घ्यायच्या आधी एकच गोष्ट विचारा, विद्यार्थ्याला एचपीएलसीवर स्वतःच्या हाताने सँपल लावू देतात का, की फक्त लांबून दाखवतात. प्लेसमेंटच्या पोस्टरपेक्षा याचं उत्तर महत्त्वाचं. नंतर सीएसआयआर नेट या परीक्षेत जेआरएफ, म्हणजे रिसर्चची फेलोशिप, निघाली तर 2023 पासून महिना 37,000 आणि वर घरभाडं मिळतं, पीएचडी करताना घरच्यांवर भार राहत नाही, आणि लखनौची सीमॅप ही सरकारी रिसर्च संस्था तर औषधी-सुगंधी वनस्पतींसाठीच आहे.

बाबांची काळजी मला पूर्ण समजते, पीएचडीत चार-पाच वर्षं जातात आणि सगळ्यांना प्रोफेसरी मिळत नाही, म्हणून पीएचडीचं आत्ता ठरवूच नका. एमएस्सी झाल्यावर तिच्याकडे नोकरी आणि रिसर्च दोन्ही असतील आणि एमपीपीएससी तर ग्रॅज्युएशनवर वयाच्या मर्यादेत नंतरही देता येते, ते दार कुठे बंद होतंय. तोपर्यंत प्रोजेक्ट कंट्रोलसकट परत करायला सांगा, ई. कोलायच्या प्लेटचा "काहीच नाही"वाला रिझल्ट रिपोर्टमधे तसाच ठेवायला सांगा, आणि रिपोर्ट झाला की मला पाठवा, मी वाचून कळवते.