वाचकांचे प्रश्न : स्विचच्या पोर्टवर ओळख कशी तपासावी?

प्रश्न : आमच्या लहान कार्यालयात चोवीस पोर्टचा मॅनेज्ड (म्हणजे सेटिंग बदलता येणारा) स्विच आहे. त्यावर संगणक, दोन प्रिंटर, काही आयपी फोन आणि एक सर्व्हर जोडलेला आहे. बैठकीच्या खोलीतल्या सॉकेटला कोणीही लॅपटॉप लावू शकतो हे लक्षात आल्यावर मी सर्व पोर्टवर ८०२.१एक्स, म्हणजे जोडणाऱ्याची ओळख पटल्यावरच पोर्ट उघडण्याची पद्धत, एकदमच चालू केले. त्याबरोबर सगळे बंद पडले, मला स्विचच्या सेटिंगच्या पानावरही जाता येईना आणि शेवटी फॅक्टरी रीसेट करावे लागले. आता प्रत्येक पोर्टला एकेक मॅक ॲड्रेस (उपकरणाच्या नेटवर्क कार्डाचा पत्ता) बांधून दिला तर पुरेल का, की पुन्हा ८०२.१एक्सच्याच वाटेला जावे?

उत्तर : मॅक ॲड्रेस बांधून देण्याचा उपयोग आहे, पण तो समजून करावा. या सोयीत, म्हणजे पोर्ट सिक्युरिटीमध्ये, स्विच फक्त येणाऱ्या फ्रेमवर (माहितीच्या तुकड्यावर) लिहिलेला ४८ बिटांचा पत्ता पाहतो आणि तो आपल्या यादीत आहे का, एवढेच तपासतो. हा पत्ता गुप्त नसतो. आपल्या प्रिंटरच्या मागच्या चिकटपट्टीवर तो बहुधा छापलेला असतो, आणि नसला तरी प्रिंटरमधून सेटिंगचा कागद काढला की त्यावर सापडतो. तो पत्ता लॅपटॉपच्या नेटवर्क कार्डाला देणे हे एका मिनिटाचे काम आहे, आणि मग प्रिंटरची वायर काढून लॅपटॉपला लावली की स्विचला काहीही वेगळे वाटत नाही. त्यामुळे चुकून जोडलेले उपकरण, टेबलाखाली कोणी परस्पर लावलेला स्वस्त स्विच किंवा खोटे पत्ते ओतून स्विचचा पत्त्यांचा तक्ता भरून टाकण्याचा प्रकार, हे सारे एका पोर्टवर किती मॅक चालतील या मर्यादेने थांबते. ठरवून आलेला माणूस मात्र थांबत नाही.

८०२.१एक्समध्ये स्विच स्वतः निर्णय घेत नाही. संगणक आपली ओळख सांगतो, स्विच ती रेडियस सर्व्हरकडे (ओळख तपासून होकार किंवा नकार देणाऱ्या सर्व्हरकडे) पोचवतो आणि सर्व्हरचा होकार येईपर्यंत त्या पोर्टवरून ओळखपरेडीच्या फ्रेमखेरीज दुसरे काही आत येऊ देत नाही. आपला घोटाळा नेमका इथे झाला असावा. ज्या पोर्टला सर्व्हर जोडलेला आहे तो पोर्टही आपण बंदिस्त केला. आपला रेडियस त्याच सर्व्हरवर असेल, तर होकार देणाऱ्यापर्यंत स्विचचा निरोपच पोचला नसणार, आणि होकार नाही म्हणून एकही पोर्ट उघडला नसणार. आपण ज्या संगणकावरून सेटिंग करत होतात, त्याचीही तीच गत झाली.

म्हणून क्रम महत्त्वाचा आहे. आधी सर्व्हर, राउटर, दुसऱ्या स्विचकडे जाणारा अपलिंक आणि आपला स्वतःचा संगणक यांचे पोर्ट ‘फोर्स ऑथराइज्ड’ करावेत, म्हणजे ते तपासणीविना उघडे राहतील. ही उपकरणे कुलूपबंद खोलीत ठेवावीत. माझ्या मते लहान कार्यालयात तिथे त्याहून चांगला उपाय नाही. मग रेडियस सर्व्हरवर स्विचचा आयपी पत्ता आणि दोघांत समान असलेला गुप्त शब्द नोंदवावा. स्विचवर तोच शब्द आणि रेडियसचा १८१२ हा पोर्ट क्रमांक (हा स्विचवरचा वायर लावायचा पोर्ट नव्हे) द्यावा. काही जुन्या सर्व्हरवर तो १६४५ असतो, आणि हा फरक नजरेतून सुटला की तासन्‌तास उत्तरच येत नाही. त्यानंतर ८०२.१एक्स चालू करून बैठकीच्या खोलीतला एकच पोर्ट ‘ऑटो’वर, म्हणजे ओळख पटल्यावरच उघडेल असा, ठेवावा. तो दोन-तीन दिवस नीट चालला की मग पुढचे पोर्ट घ्यावेत.

हे सारे करताना बदल लगेच कायमचे जतन करू नयेत. बहुतेक मॅनेज्ड स्विचमध्ये चालू सेटिंग आणि सुरू होतानाचे सेटिंग वेगवेगळे असते, त्यामुळे आपणच बाहेर अडकलो तर स्विचची वीज बंद करून पुन्हा चालू केली की जुने सेटिंग परत येते आणि फॅक्टरी रीसेटची पाळी येत नाही. फक्त आपल्या स्विचवर बदल आपोआप जतन होत नाहीत ना, एवढे आधी पाहून घ्यावे.

ज्या प्रिंटरला ८०२.१एक्स येत नाही, त्याच्यासाठी मॅकवरून प्रमाणीकरणाची सोय वापरता येते. ही पुन्हा चिकटपट्टीवरचीच ओळख आहे, म्हणून असे प्रिंटर वेगळ्या व्हीलॅनमध्ये (त्याच स्विचवर आखलेल्या स्वतंत्र नेटवर्कमध्ये) टाकावेत आणि तिथून सर्व्हरच्या फायलींपर्यंत वाट ठेवू नये. स्विच प्रिंटरचा मॅक पत्ता रेडियसकडे कधी लहान अक्षरांत सलग पाठवतो, तर कधी मध्ये आडव्या रेघा घालून पाठवतो. सर्व्हरवरची नोंद त्याच रूपात नसेल तर नकार मिळतो.

फोनच्या पोर्टवर मॅक पत्त्यांची मर्यादा एक ठेवू नये. फोन आणि त्यामागचा संगणक असे दोन पत्ते तिथे दिसतात, आणि काही स्विचवर फोन सुरू होताना फोनच्या आणि संगणकाच्या अशा दोन्ही व्हीलॅनमध्ये दिसल्याने तीनही मोजले जातात. शिवाय अशा पोर्टवर ‘मल्टिपल होस्ट’ हा पर्याय निवडू नये, कारण त्यात एकाची ओळख पटली की त्याच्या आडून इतर सगळे आत येतात. प्रत्येकाला वेगळे तपासणारा ‘मल्टिपल सेशन्स’ हा पर्याय असेल तर तो घ्यावा.

प्रश्न : पोर्टवरची मॅक पत्त्यांची मर्यादा ओलांडली गेली तर पोर्ट बंद करावा की फक्त फ्रेम टाकून द्यावी?

उत्तर : पोर्ट बंद करणे कडक वाटते, पण एखाद्याने नुसता लॅपटॉप बदलला तरी तो पोर्ट कोणीतरी हाताने उघडेपर्यंत मेलेला राहतो, आणि हे काम आपण सुटीवर असतानाच निघते. जिथे पूर्ण वेळ नेटवर्क पाहणारा माणूस नाही, तिथे मी फ्रेम टाकून देऊन लॉगमध्ये नोंद करण्याचा पर्याय निवडतो. बाहेरच्यांचा वावर असलेल्या खोलीत मात्र पोर्ट बंदच व्हावा.

प्रश्न : विंडोजच्या संगणकावर नेटवर्क कार्डाच्या गुणधर्मांत ‘ऑथेंटिकेशन’ हा टॅब दिसतच नाही. काय करावे?

उत्तर : ‘वायर्ड ऑटोकॉन्फिग’ नावाची सेवा बंद असल्यामुळे तो दिसत नाही. सेवांच्या यादीत जाऊन ती सुरू करावी आणि तिची सुरुवात ‘ऑटोमॅटिक’ ठेवावी, म्हणजे टॅब दिसू लागतो. पुढे सर्व्हरचे प्रमाणपत्र तपासण्याची खूण त्रासदायक वाटली तरी काढू नये. ती काढली की संगणक कोणत्याही तोतया सर्व्हरपुढे आपली ओळख मांडायला तयार होतो. प्रमाणपत्र योग्य असूनही ते नाकारले जात असेल, तर आधी त्या संगणकाची तारीख पाहावी.