पावणेदोन वर्षांची लेक घरी येतेय, घर कसं तयार करू?

प्रश्न : ताई नमस्कार. लग्नाला अकरा वर्षं झाली, दत्तकसाठी नाव नोंदवून खूप वाट बघितली आणि आता मॅचिंग झालंय. पावणेदोन वर्षांची मुलगी आहे, शिशुगृहात जाऊन भेटून आलो, पुढच्या महिन्यात घरी येईल. पारोळा तालुक्यात खेड्यावर आमचं जुनं धाब्याचं घर आहे, ओसरीत बंगई (झोपाळा), पुढच्या खोलीत भाव वाढेल म्हणून ठेवलेला कापूस, धाब्यावर जायला शिडी. मी मोबाईलवर बघून कोपऱ्यांना लावायचे रबर, कपाटांचे लॉक असं बरंच सामान मागवलं. सासूबाई म्हणतात, "आमना पोरे असाच वाढनात." सुरुवात कुठून करू?
– एक वाचक

उत्तर : ताई, आधी तुमचं दोघांचं आणि आजींचं मनापासून अभिनंदन!

सासूबाईंचं म्हणणं खोटं नाही, पण एक फरक आहे. घरात जन्मलेलं पोर रांगत रांगत घर शिकतं, चूल गरम असते, "हाऽऽ" म्हटलं की हात मागे घ्यायचा, हे त्याला हळूहळू कळत जातं. तुमची लेक एकाच दिवशी चालत आत येणार, तिला उंबरठा माहीत नाही, मिक्सरचा आवाज माहीत नाही आणि तुमचा आवाजसुद्धा अजून ओळखीचा नाही. तुम्ही ओरडून "थांब" म्हटलं तर ती थांबेल असं नाही, नुसती घाबरेल. म्हणून घर असं करा की पहिले दोन-तीन महिने तुमच्या तोंडून "नको, हात लावू नको" कमीत कमी निघेल. त्या दिवसांत तिला तुमच्यावर विश्वास बसायचा असतो, सारखं रागावून तो बसत नाही.

मी नऊ वर्षं शिशुगृहात काम केलं, तिथली काही लेकरं पडली, भाजलं तरी रडत नाहीत, मोठ्यांकडे धावत येत नाहीत. त्यामुळे आवाज नाही म्हणजे सगळं ठीक आहे असं समजू नका, तिला नजरेसमोरच ठेवा. आणि वय पावणेदोन असलं तरी वस्तू तोंडात घालायची सवय वर्षाच्या बाळासारखी असू शकते.

आता घर. कोपऱ्याचे रबर लावा, पण टेंगूळ येणं वेगळं आणि जिवावर बेतणं वेगळं. आपल्याकडे जिवावर बेततं ते पाणी आणि फवारणीच्या औषधानं. नळ चार-आठ दिवसांनी येतो म्हणून आपण ड्रम, टाकी, बादल्या भरून ठेवतो, पण लहान लेकरू बादलीत वाकलं की डोकं जड असल्यामुळे त्याला परत वर येता येत नाही, दोन-चार इंच पाणीही पुरतं. ड्रमला घट्ट झाकण पाहिजे, बादली वापरून झाली की पालथी, मोरीचं दार बंद.

कीटकनाशक, पंप, रिकाम्या बाटल्या सगळं घराबाहेर कुलपात. उरलेलं औषध कोल्ड्रिंकच्या बाटलीत ओतून ठेवायची सवय आजच बंद करा, मालकांनाही सांगा. चुकून पोटात गेलंच तर मीठपाणी पाजून उलटी करवू नका, अंगावर सांडलं असेल तर कपडे काढून धुवा, बाटली सोबत घ्या आणि 108 ला फोन लावून थेट दवाखाना. सासूबाईंची मशेरीची डबी, सुपारी, बीपीच्या गोळ्या, देवाजवळचा कापूर, पेटीतल्या डांबरगोळ्या हेही असंच वर उचलायचं. रिमोट आणि खेळण्यातले गोल चपटे सेल तर खासच, गिळला आणि अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांतच आतून भाजायला सुरुवात होते. आणि अख्खे शेंगदाणे, फुटाणे अजून काही वर्षं नाहीत, श्वासनलिकेत अडकतात.

कापूस तर शक्य असेल तर पोरगी यायच्या आधी विकाच, नाहीतर त्या खोलीला कुलूप. भाव पडतो हे मलाही कळतं, पण मोकळ्या कापसात लेकरू दबू शकतं आणि एक ठिणगी पडली तरी आवरत नाही.

उन्हाळ्यात कूलरशिवाय आपलं भागत नाही, पण त्याच्या पत्र्यात करंट उतरतो. इलेक्ट्रिशियनला बोलावून अर्थिंग बघून घ्या, 30 मिलीअँपचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की आपोआप वीज तोडणारा स्विच, बसवा, पाणी भरतांना प्लग काढूनच भरा. पाणी तापवायचा रॉड बादलीत टाकून दुसऱ्या खोलीत जायचं नाही.

बंगई काढून फेकू नका, घरातला आनंद आहे तो, पण सध्या वर अडकवून ठेवा. हलत्या फळीची कड बरोबर तिच्या डोक्याच्या उंचीला येते आणि कड्यांमध्ये बोटं चेपतात. शिडी काम झाल्यावर उचलून ठेवायची.

एकदम सगळं घर तयार करायची घाई करू नका, एक खोली पूर्ण करा आणि पहिले काही आठवडे तिला तिथेच तुमच्यासोबत राहू द्या, पाहुणेही थोडे थांबवा. घरी आणल्यावर दोन वर्षं दर सहा महिन्यांनी समाजसेविका भेटायला येतात, काही अडलं तर त्यांना मोकळेपणानं विचारा, त्या परीक्षा घ्यायला येत नाहीत.

आणि शिशुगृहातून तिला आणायला जाल तेव्हा तिची रोजची चादर मागून घ्या. घरी आल्यावर लगेच धुवू नका, त्या वासाला धरून ती पहिल्या रात्री झोपेल.