सही करू नका ताई

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. मिस्टर रात्री कंपनीतून बाईकवर घरी येताना मागून एसयूव्हीने उडवलं, जागेवरच गेले, वय फक्त 34, मागे तुम्ही, दोन लेकरं आणि सासूबाई. गाडी मालकाचा मुलगा चालवत होता असं चहाच्या टपरीवाल्याने स्वतः पाहिलंय पण एफआयआरमध्ये नाव त्यांच्या पगारी ड्रायव्हरचं, आणि तेरावं झालं त्याच्या दुसऱ्याच दिवशी एक गृहस्थ 500 च्या स्टॅम्प पेपरवर "आमची कोणाविरुद्ध तक्रार नाही" टाईप करून, 4 लाख घ्या म्हणत दारात हजर.

सही अजिबात करू नका. हलगर्जीपणाने जीव घेणं, भारतीय न्याय संहितेचं कलम 106, हा गुन्हा आपसात मिटत नाहीच, पण तो कागद पुढे हायकोर्टात केस रद्द करायला वापरतील.

आधी फुटेजचं बघा, आजच. दुकानांच्या कॅमेऱ्यातलं जुनं रेकॉर्डिंग काही दिवसांत आपोआप पुसलं जातं, त्यामुळे पोलिस स्टेशनला लेखी अर्ज द्या की रस्त्यावरचं फुटेज जप्त करा, मालकाच्या मुलाच्या मोबाईलचं त्या रात्रीचं लोकेशन काढा, टपरीवाल्याचा जबाब घ्या, आणि अर्जाच्या कॉपीवर शिक्का मारून पोच घ्याच. नाही ऐकलं तर एसपींकडे, तिथेही नाही तर मॅजिस्ट्रेटकडे. 2024 च्या पुण्यातल्या कल्याणीनगर पोर्शे अपघाताच्या केसमध्येही ड्रायव्हरला गुन्हा अंगावर घ्यायला लावल्याचा आरोप झाला होता, तेव्हा पोलिसांना हे नवीन नाही.

भरपाईचा दावा वेगळा, तो मोटार अपघात न्यायाधिकरणात, तुम्ही राहता त्या जिल्ह्यातही लावता येतो, कायद्यात मुदत 6 महिन्यांची आहे म्हणून थांबू नका. पगार 18,000 लिहिलाय ना, त्यात भविष्यातल्या वाढीचे 40 टक्के धरले की 25,200, मिस्टरांच्या स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा केला की 18,900, गुणिले 12, गुणिले 34 वयासाठी ठरलेला गुणक 16, म्हणजे 36 लाखांच्या वर, आणि अंत्यविधी वगैरेचे वेगळे. सुप्रीम कोर्टाने ठरवलेलाच हिशोब आहे हा. चालवणारा कोण हे नंतर ठरेल, विमा चालू असेल तर पैसे सहसा विमा कंपनीच देते.

पगाराच्या स्लिपा, बँक पासबुक, पोस्टमॉर्टेम रिपोर्ट, पंचनामा, सगळं एका फाईलमध्ये घाला. वकिलाची फी झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, बायकांना तिथे वकील फुकट मिळतो, उत्पन्नाची अट नाही.

आणि तो माणूस परत आला तर एकटीने बोलू नका, दिराला बसवा, कागदाचा फोटो काढून ठेवा.