अडीच मीटरची लाट टपावरून कशी जाते?

प्रश्न : हैदराबादच्या इन्कॉइसचा (समुद्राची माहिती देणाऱ्या सरकारी केंद्राचा) अंदाज बघूनच होडी घेऊन निघालो होतो. लाट अडीच मीटर दाखवत होती. प्रत्यक्षात एक लाट केबिनच्या टपावरून गेली, चार मीटरच्या खाली नक्की नव्हती. अंदाजावर भरवसा ठेवायचा तरी कसा?

अंदाज बहुधा बरोबरच होता. अडीच मीटर हा सगळ्यांत मोठ्या लाटेचा आकडा नसतोच. ठरावीक वेळात आलेल्या लाटा उंचीप्रमाणे लावायच्या, वरच्या एक तृतीयांश घ्यायच्या आणि त्यांची सरासरी काढायची, तो हा आकडा. मुरलेला तांडेल, म्हणजे होडी चालवणारा प्रमुख, समुद्राकडे बघून जी उंची सांगतो ती साधारण एवढीच भरते, कारण बारीकसारीक लाटा नजर धरतच नाही.

आता आठ सेकंदांना एक लाट धरा. तीन तासांत साडेतेराशे लाटा होतात. त्यांत एखादी तरी जवळजवळ दुप्पट उंचीची निघते. म्हणजे तुमच्या टपावरून गेली ती अंदाजाच्या हिशेबातलीच होती. मी स्वतः अंदाजातला आकडा दुप्पट करतो आणि मग विचारतो, ही लाट आडवी आली तर होडी पेलेल का?

दुसरं म्हणजे, उंचीपेक्षा घात करतो तो लाटेचा उभेपणा. बारा सेकंदांनी येणारी दोन मीटरची लाट होडीला उचलून अलगद खाली ठेवते. तीच पाच सेकंदांनी आली तर धडका देते. इन्कॉइस सात मीटरपर्यंत रुंदीच्या नौकांसाठी वेगळी सूचना काढतं. लाटांचा उभेपणा, त्या किती दिशांनी येताहेत आणि वारा किती झपाट्याने वाढतोय, हे बघून होडी उलटण्याचा धोका कुठे आहे ते ती दहा दिवस आधी सांगते. नुसत्या उंचीपेक्षा ती बघा.

आणि खोल समुद्राचा अंदाज खाडीच्या मुखाला लावू नका. ओहोटीचं पाणी बाहेर ओढत असताना समोरून लाट आली की ती आखूड आणि उभी होते. बाहेर दीड मीटरचा शांत समुद्र असतो आणि मुखावर पांढरं फुटत असतं. उधाणाच्या दिवसांत तर फारच. तास-दोन तास बाहेर थांबून भरतीबरोबर आत येण्यात कमीपणा नाही.

प्रश्न : सरकारी ट्रान्सपाँडर (होडीची जागा उपग्रहामार्फत कळवणारं यंत्र) फुकट बसवून देताहेत. पण आमची मासळीची जागा सगळ्यांना कळेल, असं खलाशी म्हणतात.

सगळ्यांना नाही कळणार. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरमध्ये या योजनेची सुरुवात झाली. एक लाख यंत्रं बसवायची आहेत आणि तंत्र इस्रोचं आहे. तुमची जागा उपग्रहामार्फत सरकारी नियंत्रण कक्षाकडे जाते, शेजारच्या होडीकडे नाही. उघडं प्रसारण करतं ते एआयएस, म्हणजे जहाजाची ओळख आणि जागा रेडिओवरून आसपास सगळ्यांना सांगणारं यंत्र. त्याचा संदेश रिसीव्हर असलेला कुणीही वाचू शकतो. लोक या दोघांची गल्लत करतात.

आडपडदा न ठेवता सांगतो, बंदी असलेल्या पट्ट्यात गेलात तर तेही कक्षात दिसणार. पण मोबाईलची रेंज गेल्यावर वादळाचा इशारा तुमच्यापर्यंत आणि तुमची हाक किनाऱ्यापर्यंत याच यंत्रातून पोचते. मी असतो तर बसवून घेतलं असतं.

प्रश्न : खलाशाच्या अपघात विम्याचा हप्ता नाखव्याने (होडीच्या मालकाने) भरायचा का?

प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेतल्या गट विम्याचा हप्ता सरकार भरतं. मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आल्यास ५ लाख, कायमच्या अंशतः अपंगत्वाला अडीच लाख आणि रुग्णालयाच्या खर्चासाठी २५ हजार रुपयांपर्यंत. खलाशाचं नाव यादीत आहे का, ते मच्छीमार सोसायटीत जाऊन डोळ्यांनी बघा.

प्रश्न : जुनी बोट घेतली, तिच्यावर ईपर्ब (संकटात उपग्रहामार्फत हाक देणारं यंत्र) आहे. दिवा लागतो. म्हणजे चालू समजायचं ना?

दिव्यावर जाऊ नका. खोबणीतून काढा आणि स्टिकर वाचा. बॅटरीची मुदत तिथे छापलेली असते. बोट बुडताना स्वतःहून सुटणारा प्रकार असेल तर पाण्याच्या दाबाने उघडणाऱ्या कडीचीही वेगळी तारीख असते, ती दोन वर्षांत बदलावी लागते. ही कडी बहुतेक जण विसरतात.

खरी गोम मात्र नोंदणीत आहे. ४०६ मेगाहर्ट्‌झवर सिग्नल गेला की बचाव केंद्र नोंदवहीतला नंबर फिरवतं. तिथे अजून जुना मालक असेल तर तो म्हणणार, ‘बोट विकली हो, आता कुठे असते कोण जाणे.’ त्यात वेळ जातो, आणि तोवर तुम्ही पाण्यात. नोंद इस्रोच्या बंगळुरूच्या केंद्राकडे आपल्या नावावर करून घ्या आणि नंबर घरच्या माणसाचा द्या, तुमच्या खिशातल्या मोबाईलचा नको. चाचणी फक्त टेस्टच्या बटणानेच. चुकून खरा सिग्नल गेला तर गुपचूप बंद करू नका. तटरक्षक दलाच्या १५५४ वर फोन करून सांगा. त्यासाठी कुणी खात नाही.

प्रश्न : खोल समुद्रात नांगरलेल्या पिवळ्या तरंगत्या बोयाखाली मासळी जमते. तिथे होडी बांधली तर काय बिघडतं?

मासळी जमते हे खरं, आणि मोहही कळतो. पण तो बोया चेन्नईच्या एनआयओटी या सरकारी समुद्र-तंत्रज्ञान संस्थेचा असतो. वारा, हवेचा दाब, पाण्याचं तापमान, लाटा मोजून तो उपग्रहाला पाठवतो. होडीच्या ओढीने वरची दांडी वाकते, केबल तुटते, आणि त्या जागेची माहिती बंद होते. पहिल्या प्रश्नातला अडीच मीटरचा आकडा बरोबर होता की नाही, हे अशाच मोजमापांवरून ताडून बघतात. दोर बांधू नका आणि जाळं त्याच्या नांगरदोरात गुंतेल इतकं जवळ टाकू नका. सुटून वाहत आलेला बोया दिसला तर जीपीएसवरची जागा आणि वेळ लिहून घ्या व तटरक्षक दलाला कळवा.